ब्रेक लागतो, पण सुटत नाही!

ब्रेक चांगला कोणता, असे कोणालाही विचारून पाहा. ‘झटकन लागतो तो’ असेच उत्तर मिळेल. ‘झटकन सुटतो तो’ असे म्हणणारा गृहस्थ अजून तरी माझ्या पाहण्यात आलेला नाही. आणि तरीही, वाचकहो, ब्रेकचे निम्मे काम सुटण्याचेच आहे. लागतो पण सुटत नाही असा ब्रेक म्हणजे दोन दिवसांसाठी आलेला आणि महिना झाला तरी वळकटी न बांधणारा पाहुणा. तो भांडत नाही, आदळआपट करीत नाही. पण घरचा खर्च वाढतो, यजमान तापू लागतो आणि एके दिवशी स्फोट होतो.

आमच्या पिंपरी-चिंचवड भागात अशा ब्रेकांचा एक हंगामच असतो. खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ घालावयाची, तर त्याआधी ती स्वच्छ नको का? म्हणून दसऱ्याच्या आधीच्या रविवारी प्रत्येक सोसायटीच्या आवारात चार-पाच मोटारसायकली डबल स्टँडवर चढतात. बादल्या, चिंध्या, पान्हे, रॉकेलची बाटली, मांडीवर पुस्तक किंवा हातात मोबाइलवरचा व्हिडिओ असा सारा संभार मांडला जातो. धुण्यापुसण्याने समाधान झाले तर ठीक. पण आमच्याकडे ते होत नाही. कारण या गावात घरटी एक तरी माणूस यंत्रावर काम केलेला असतो आणि त्याचे हात शिवशिवत असतात.

यात नवल ते काय? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे भोसरी-चिंचवडच्या माळावर छपरामागून छपरे चढू लागली. आकुर्डीला बजाजचे स्कूटर निघत. १९७२ साली आलेल्या चेतकसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत, हे आमच्या पिढीला सांगावयास नको. १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि २००१ साली पल्सर आली. ब्रेक बनविण्यात नाव कमावलेल्या इटलीच्या ब्रेंबो कंपनीचा कारखानाही आज चाकण भागातच आहे. संग्रामदुर्गाच्या तटावरून १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाला जवळजवळ दोन महिने अडवून धरले, तेच हे चाकण. अडवून धरण्याची विद्या या मातीला जुनीच आहे म्हणावयाची!

माझी सारी नोकरी भोसरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. त्यामुळे निवृत्तीनंतरही आजूबाजूची मुले आपापली अडलेली चाके घेऊन माझ्या दाराशी येतात. त्यांतल्याच एकाची ही हकीकत. त्याच्या निमित्ताने चिकटणाऱ्या ब्रेकचे सारे शास्त्र सांगता येईल, म्हणून ती निवडली.

तीन दिवसांचा ताप

हा मुलगा आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. चाकणच्या एका कारखान्यात नोकरी. धाकटी बहीणही तिकडेच कामाला, आणि दोघांची पाळी एक असली की ती त्याच्या मागे बसून जाते. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी, कुरुळी आणि चाकण असा पुणे-नाशिक रस्ता. मागेपुढे कंटेनर, मध्ये चिरडल्यासारख्या दुचाकी. त्या रस्त्यावर ज्याने सकाळची पाळी गाठली आहे, त्याला अधिक वर्णन नको.

रविवारी त्याने पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड बदलले, ब्रेक ऑइल नवे भरले आणि हौसेने बाजारातून आणलेला रंगीत लीव्हरही चढविला. बुधवारी रात्री तो खाली आला.

“काका, सगळं व्हिडिओत दाखवलं तसंच केलंय. घरून निघताना चाक अगदी मोकळं असतं. मोशी सोडली की गाडी जड व्हायला लागते. पुलापलीकडे तर पिळली तरी ओढत नाही. आज करपल्याचा वास आला. टपरीवर चहा घेतला, अर्धा तास थांबलो, की पुन्हा मोकळी!”

पाठोपाठ त्याची आई आली. “भाऊजी, मी याला म्हटलं होतं, मेस्त्रींकडे टाक. उगीच चार पैसे वाचवायला गेला. हा एकटा असता तर एक वेळ गप्प बसले असते. मागे पोरगी असते हो!”

माउलीचे म्हणणे सोळा आणे खरे होते. मागचे चाक जाम झाले तर गाडी फरफटते आणि पुष्कळदा सावरता येते. पुढचे चाक चालत्या गाडीत जाम झाले, की तोल सांभाळण्याचे साधनच जाते; गाडी आडवी होते, आणि मागून येणाऱ्या कंटेनरला थांबावयास जागा नसते. चिकटणारा ब्रेक म्हणजे नुसता पेट्रोलचा अपव्यय नव्हे, तो असा.

तरीही मुलाच्या बोलण्यात एक फार मोलाची गोष्ट होती. थंड असता मोकळा, तापला की घट्ट, निवला की पुन्हा मोकळा! वैद्याला रोग्याने ‘ताप संध्याकाळीच चढतो’ असे सांगावे, तसेच हे. निम्मे निदान तिथेच झाले. पण ते कसे, हे कळण्यासाठी आधी ब्रेकच्या पोटात डोकावले पाहिजे.

एका बारीक भोकाची गोष्ट

डिस्क ब्रेकची कल्पना इंग्लंडच्या लँचेस्टर यांनी १९०२ सालीच पेटंट करून ठेवली होती. १९५३ साली जॅग्वार गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या बळावर मारली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. मोटारसायकलीत होंडाने १९६९ साली सीबी ७५० या गाडीला पुढे तेलाच्या दाबाचा डिस्क ब्रेक दिला आणि तेथून तो सर्वत्र पसरला.

त्याचे तत्त्व शाळेच्या पुस्तकातले. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो सर्व बाजूंना सारखा पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितले. हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमध्ये छोटा पिस्टन, चाकापाशी कॅलिपरमध्ये मोठा पिस्टन, आणि मधल्या नळीत तेल. आपण बोटांनी लीव्हर ओढतो, छोटा पिस्टन तेल ढकलतो, मोठा पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो.

हे झाले लागणे. आता सुटणे. कॅलिपरच्या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. पिस्टनभोवती चौकोनी काठाची एक रबरी सील असते. पिस्टन पुढे सरकला की ती त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते, आणि दाब गेला की पूर्ववत होताना त्याला मागे ओढते. ही माघार केवढी? अर्ध्या मिलीमीटरहूनही पुष्कळ कमी. तेवढ्याच फटीवर तुमचे चाक मोकळे फिरते! म्हणूनच डिस्क ब्रेकचे चाक हाताने फिरविले तर पॅडची हलकी सळसळ ऐकू येते. त्याला घाबरू नये. चाक सहज फिरले म्हणजे झाले.

दुसरी गंमत मास्टर सिलिंडरमध्ये. त्याच्या तळाशी, वरच्या तेलाच्या डबीत उघडणारे, सुईच्या अग्राएवढे एक भोक असते. लीव्हर सोडलेला असता पिस्टन या भोकाच्या मागे उभा राहतो आणि भोक उघडे असते. गाडी चालून तेल तापले, फुगले, की जास्तीचे तेल त्या भोकातून वर डबीत जाते. ते भोक बंद राहिले तर? फुगलेल्या तेलाला जावयास वाट नाही, ते पिस्टनला पुढे रेटते, पॅड घासतात, डिस्क तापते, तेल आणखी फुगते. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र आपलेआप वाढत जाते, आणि शेवट चाक जाम होण्यात होतो.

शोध कसा घ्यावा

घाईने सारे खोलू नये. दोष कोठे आहे हे क्रमाने शोधले, तर एका पान्ह्यात उत्तर मिळते.

गुरुवारी सकाळी आम्ही आवारातच आठ-दहा फेऱ्या मारून ब्रेक तापविला. चाक घट्ट झाले. डिस्कवर बोट लावावयाचे नाही, कातडी सोलून निघेल. दोन थेंब पाणी टाकले, चर्र झाले, खात्री पटली. गाडी डबल स्टँडवर घेतली, मागे मुलाला बसवून पुढचे चाक उचलले. मग कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडले आणि निपल पाव फेरा सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक एकदम मोकळे!

या एका कृतीने प्रश्नाचे दोन तुकडे होतात. निपल उघडताच चाक सुटले, तर नळीत दाब अडकला होता. दोष वर आहे, मास्टर सिलिंडरमध्ये किंवा रबरी नळीत. निपल उघडूनही चाक तसेच घट्ट राहिले, तर दोष खालीच आहे, कॅलिपरमध्ये किंवा चाकाच्या बसवणीत.

आमचा दोष वरचा ठरला. निपल बंद करून ब्रेक पुन्हा तापू दिला, आणि या वेळी खाली हात न लावता हँडलवरच्या लीव्हरचा खिळा काढून लीव्हरच दूर केला. बारीकसा टक् आवाज झाला, पिस्टन केसभर मागे आला आणि चाक सुटले. चोर सापडला! त्या रंगीत लीव्हरचे टोक मूळ लीव्हरपेक्षा किंचित जाड होते. ते पिस्टनला कायमचे दाबून धरीत होते आणि ते बारीक भोक झाकलेले राहत होते. थंडपणी काही जाणवत नसे. तेल तापले की ताप सुरू.

शिवाय डबी काठोकाठ भरलेली. डबीवर खालची आणि वरची अशा दोन खुणा असतात. तेल वरच्या खुणेच्या वर जाता कामा नये, फुगण्यास जागा हवी. मुलाने जुना लीव्हर परत बसविला, टोकाशी हलकीशी ढील आहे ना हे पाहिले, तेल खुणेपर्यंत उतरविले, हवा काढली. खर्च शून्य. बहिणीला मात्र त्याने दोन दिवस बसने जावयास सांगितले आणि स्वतः एकटा जाऊन-येऊन खात्री करून घेतली. या शहाणपणाबद्दल मी त्याची पाठ थोपटली.

बाकीचे गुन्हेगार

प्रत्येक वेळी लीव्हरच दोषी असतो असे नाही. दोष वरचा असून लीव्हर काढल्याने चाक सुटले नाही, तर मास्टर सिलिंडरपाशी नळीचा बोल्ट चिंधी धरून जरा सैल करावा. तेथे दाब सुटला तर ते बारीक भोक जुन्या तेलाच्या किटणाने बुजले आहे असे समजावे. तेथे सुटत नाही पण खालच्या निपलला सुटते, तर रबरी नळी आतून फुगली आहे. अशी नळी जोराने ढकललेले तेल जाऊ देते, पण परत येऊ देत नाही. वर्षे झालेली नळी बदलणे हाच उपाय. बोल्ट सैल केला की त्याचे तांब्याचे वॉशर नवे घालावे आणि हवा पुन्हा काढावी.

दोष खालचा असेल, तर पहिला संशय पिस्टनवर. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या उघड्या भागावर धूळ-चिखलाचे कडे जमते. नवे पॅड जाड. त्यांना जागा करण्यासाठी पिस्टन आत रेटावा लागतो, आणि घरी काम करणारा तो कड्यासकट रेटतो. ते कडे सीलपाशी जाऊन बसते आणि पिस्टन चिकटतो. पॅड काढल्यावर आधी पिस्टन ब्रेक ऑइल लावलेल्या चिंधीने लख्ख पुसावा, मगच आत सारावा. सारताना डबीतले तेल वर येते, तिकडेही डोळा ठेवावा. ते टाकीवर सांडले तर रंग गेलाच.

दुसरा संशय कॅलिपरच्या खिळ्यांवर. पुष्कळ गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतात आणि सारा कॅलिपर दोन खिळ्यांवर सरकतो. ते कोरडे पडले, की कॅलिपर परत सरकत नाही. ओळख सोपी: एक पॅड झिजून पत्र्याला आलेला आणि दुसरा जवळजवळ कोरा. खिळे साफ करून ब्रेकसाठीचेच सिलिकोन ग्रीस लावावे.

तिसरा संशय बसवणीवर. चाक काढून परत घालताना डावी-उजवीकडची बुशे उलटसुलट झाली, तर चाक एका अंगाला सरते आणि डिस्क पॅडवर घासते. पॅडमागची पत्र्याची स्प्रिंग जमिनीवरच राहून गेली, तरी तेच. म्हणून सुटे भाग काढल्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडावे. पुढचा आस पक्का करण्यापूर्वी हँडल धरून दोन-चार वेळा गाडी खाली दाबावी. शॉकअप आपल्या जागी बसतात, मग नट आवळावा.

मागचा ब्रेक पायाचा असेल, तर वरचीच कहाणी पायडलच्या दांडीला लागू. ‘ब्रेक लवकर लागावा’ म्हणून दांडी फार आवळली, की मास्टर सिलिंडरचा पिस्टन मागे येत नाही. ड्रम ब्रेकचे दुखणे याहून साधे. नवे लायनर जाड असतात, तेव्हा जुन्या जागी ठेवलेला नट दोन फेरे सैल करावा लागतो. आतला कॅम कोरडा असेल तर त्याला ग्रीसचे बोट लावावे, मात्र लायनरला नव्हे. पायडलला थोडी ढील ठेवून चाक फिरवून पाहिले म्हणजे काम झाले. चेतकवर वाढलेल्या पिढीला हे झोपेतही येते.

घरगुती औषधे घातक

चिकटलेल्या ब्रेकवर आमच्याकडे तीन घरगुती औषधे प्रसिद्ध आहेत: पेट्रोल, रॉकेल आणि इंजिन ऑइल. तिन्ही विष आहेत. ब्रेकची सील ज्या रबराची असते, ते पेट्रोल-रॉकेल किंवा साधे ऑइल-ग्रीस लागले की फुगते. फुगलेली सील पिस्टनला मगरमिठी मारते, आणि मग दोन-तीन रबरांचे काम साऱ्या संचावर जाते. धुवावयाचे तर ब्रेक ऑइलनेच किंवा ब्रेक क्लीनरने.

ब्रेक ऑइल हे नावाचेच ऑइल. डबीच्या झाकणावर लिहिले असेल तेच घालावे. डॉट ३ आणि डॉट ४ हे प्रकार हवेतले पाणी शोषतात. नवे डॉट ४ निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही; पाणी मुरले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तापलेल्या, चिकटलेल्या ब्रेकमध्ये हे तेल उकळले, की वाफ होते आणि वाफ दाबली जाते. म्हणजे इतका वेळ न सुटणारा ब्रेक ऐन वेळी लागतच नाही! म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलावे आणि फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये. सिलिकोनचे डॉट ५ मात्र यांत कधीही मिसळू नये.

आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. अशा गाडीत तेलाच्या वाटेत एक जास्तीचे यंत्र असते. पॅड बदलणे, खिळे साफ करणे घरी जमेल. पण त्या यंत्रात हवा शिरली, तर ती काढण्यास काही गाड्यांत खास उपकरण लागते. तेथे हट्ट न धरता मेस्त्रींकडे जावे. सीलचे काम, मास्टर सिलिंडर खोलणे, वाकडी डिस्क, हीही त्यांचीच कामे. आणि गाडी रस्त्यातच चिकटू लागली, तर निपल ढिला करून घर गाठू, असा विचार स्वप्नातही आणू नये. निपल उघडा म्हणजे ब्रेक नाही. कडेला घ्यावी, पूर्ण निवू द्यावी आणि टेम्पोत घालून आणावी. टेम्पोचे भाडे जड वाटेल, पण हाडे जोडण्याचे बिल त्याहून जड असते.

तर मग घरी कामच करू नये काय? छे! ज्या गावात जगासाठी गाड्या तयार होतात, त्या गावच्या मुलांनी आपल्या गाडीला हात लावू नये, हे मला पटणारे नाही. त्या माउलीलाही मी तेच सांगितले. “वहिनी, मुलाला रागावू नका. त्यानं काम केलं, ते चांगलंच केलं. फक्त काम संपलं कधी म्हणायचं, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.”

काम शेवटचा नट आवळला म्हणजे संपत नाही. आधी उभ्या गाडीत लीव्हर दहा-बारा वेळा दाबून तो घट्ट होतो ना, हे पाहावे. मग चाक उचलून हाताने फिरवावे, ब्रेक दाबावा, सोडावा, पुन्हा फिरवावे. नंतर जवळच्या मोकळ्या रस्त्यावर हळूहळू चार-पाच किलोमीटर एकट्याने चालवून यावे आणि गाडी गरम असतानाच चाक तिसऱ्यांदा फिरवावे. थंड चाकाने दिलेली साक्ष अपुरी. तापलेल्या चाकाची साक्ष खरी. ती मिळाल्यावरच मागच्या सीटवर आपल्या माणसाला बसवावे.

आमच्या वरच्या मजल्यावरची ताई आता पुन्हा भावाच्या मागे बसून चाकणला जाते. गाडी निघण्यापूर्वी तो खाली वाकून चाकाला एक गिरकी देतो, आणि तीही उभी राहून ती मोजते. मला विचाराल तर, त्या रंगीत लीव्हरपेक्षा ही सवय त्या गाडीला जास्त शोभते.